पहिल्या बाइटआधी

वाचकाने दुव्यावर बोट टेकवले की त्या क्षणापासून मजकुराचा पहिला बाइट त्याच्या फोनवर येईपर्यंत काही वेळ जातो. तो वेळ हा या पुस्तकाचा विषय आहे. साइट धडधाकट असेल तर हा काळ सेकंदाच्या एखाद्या तुकड्याएवढा असतो. बिघडली तर पाच-सात सेकंदही होतो. तेवढ्या वेळात पडद्यावर काहीच दिसत नाही, त्यामुळे दोष कोणाचा हेही ठरत नाही. वाचक म्हणतो, नेट स्लो आहे. संपादक म्हणतात, साइट अडकली. होस्टिंगवाले म्हणतात, आमच्याकडे सगळे व्यवस्थित आहे, हवे तर वरचा प्लॅन घ्या. मग वरचा प्लॅन घेतला जातो, एखादे कॅश प्लगइन बसवले जाते, थीम बदलली जाते आणि महिनाभराने तीच तक्रार पुन्हा येते. या सगळ्या खटाटोपात एक काम राहून गेलेले असते. वेळ नेमका कुठे जातो आहे, हे कोणीच मोजलेले नसते.

मोजायचे कसे, मोजलेले वाचायचे कसे आणि त्यावरून काय ठरवायचे, हे या पुस्तकात सांगितले आहे. त्यासाठी मी वर्डप्रेस निवडले. मिशेल व्हाल्द्रिगी यांच्या बी-टू या प्रणालीचा धागा पुढे नेत मॅट मुलेनवेग आणि माइक लिटल यांनी वर्डप्रेस उभे केले आणि २७ मे २००३ रोजी त्याची पहिली आवृत्ती आली. आज जगातल्या ४० टक्क्यांहून अधिक साइट त्यावर चालतात. मराठीतली अनेक नियतकालिके, दिवाळी अंकांच्या वेब आवृत्त्या, प्रकाशकांची दालने आणि गावोगावची बातमीपत्रे याच प्रणालीवर उभी आहेत. ती चालवणारी माणसे बहुधा दोन-तीनच असतात आणि त्यांतले एखादेच तांत्रिक काम जाणते. हे पुस्तक त्या एकासाठी आहे. पीएचपी आणि मायएसक्यूएल या जोडीवर चालणाऱ्या ड्रुपल किंवा जूमलालाही यातले बरेचसे लागू पडेल, पण बारीक तपशील वर्डप्रेसचे आहेत, कारण तपशिलाशिवाय मोजणी शिकवता येत नाही.

किती वेळ म्हणजे जास्त वेळ? संगणकाने उत्तर द्यायला किती उशीर केलेला माणसाला चालतो, याचा विचार रॉबर्ट मिलर यांनी १९६८ सालीच एका निबंधात मांडला होता. पुढे १९९३ मध्ये जेकब नील्सन यांनी त्या परंपरेतून तीन मर्यादा रूढ केल्या. ०.१ सेकंदात उत्तर आले तर ते तत्काळ वाटते, १ सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि १० सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे जाते. माणसाची ही घडण यंत्रे वेगवान झाली म्हणून बदललेली नाही. पहिल्या बाइटपर्यंतच्या काळासाठी गूगल आज ०.८ सेकंदाची मर्यादा सुचवते, १.८ सेकंदांपलीकडचा काळ वाईट मानते. म्हणजे एका सेकंदाचा सगळा ऐवज सर्व्हरला मिळत नाही. पान मांडायला, चित्रे उतरवायला, देवनागरी फॉन्ट आणायला ब्राउझरलाही त्यातलाच वाटा लागतो. ‘मराठी फॉन्टमुळे साइट मंद झाली’ हे वाक्य कानावर येते, तेव्हा हा फरक ध्यानात ठेवावा. फॉन्टचे काम पहिल्या बाइटनंतर सुरू होते. पहिला बाइटच चार सेकंदांनी येत असेल, तर फॉन्ट बदलून काहीही हाती लागणार नाही.

कार्यक्रम कुठे रेंगाळतो हे अंदाजाने ओळखता येत नाही, ही गोष्ट संगणकशास्त्राला फार लवकर उमगली. डोनाल्ड क्नुथ यांनी १९७१ साली फोरट्रान भाषेतल्या प्रत्यक्ष वापरातल्या कार्यक्रमांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कार्यक्रमाच्या जेमतेम चार टक्के भागात निम्म्याहून जास्त वेळ जातो, असे त्यांना आढळले. तो चार टक्के भाग कोणता, हे लिहिणाऱ्यालाही सांगता येत नसे. मग १९८२ मध्ये बर्कलीच्या सुझन ग्रॅहम, पीटर केसलर आणि मार्शल मॅक्यूसिक यांनी जीप्रॉफ हे साधन मांडले. कोणत्या फंक्शनमध्ये किती वेळ गेला एवढेच ते सांगत नसे. त्या फंक्शनला कोणी बोलावले म्हणून तो गेला, हेही दाखवत असे. खर्चाच्या वहीत ‘किराणा’ एवढेच न लिहिता कोणासाठी आणला हेही लिहावे, तसे ते आहे. वेळेचा असा हिशेब ठेवणाऱ्या पुढच्या जवळपास सगळ्या साधनांनी, म्हणजे प्रोफायलरांनी, हीच रीत उचलली. पीएचपीच्या जगात डेरिक रेथन्स यांचे एक्सडिबग आले, फेसबुकने स्वतःच्या वापरासाठी केलेले एक्सएचप्रॉफ २००९ मध्ये सर्वांना खुले केले आणि २०११ मध्ये मायएसक्यूएलचाच एक गुंता सोडवताना ब्रेंडन ग्रेग यांना फ्लेम ग्राफ सुचला. त्या आलेखात जी पट्टी रुंद, तिथे वेळ जास्त. हजारो ओळींचा तपशील त्यामुळे एका नजरेत मावू लागला.

आता प्रत्यक्ष एक विनंती कशी प्रवास करते ते पाहू, कारण मोजणीची सगळी शिस्त या प्रवासाच्या टप्प्यांतून येते.

पहिला टप्पा अंतराचा. मुंबईहून अमेरिकेतल्या व्हर्जिनियापर्यंतचे अंतर सुमारे १३ हजार किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला साधारण दोन लाख किलोमीटर जातो. सरळ रेषेत केबल टाकली तरी जाऊन-येऊन १३० मिलिसेकंद लागणारच. प्रत्यक्षात केबल वळणे घेत जाते, त्यामुळे जास्तच लागतात. जोडणी उभी करायला एक फेरी, सुरक्षित करायला आणखी एक आणि खुद्द मागणीची तिसरी. म्हणजे सर्व्हरवर वर्डप्रेसने डोळे उघडण्याआधीच ०.४ सेकंदाच्या आसपास खर्च. कोल्हापूरच्या वाचकासाठी चालवलेली साइट केवळ स्वस्त मिळाले म्हणून व्हर्जिनियात ठेवली असेल, तर कोड कितीही घासूनपुसून हा भाग कमी होणार नाही. २०१६ मध्ये ॲमेझॉनने मुंबईत आपले केंद्र सुरू केले, तेव्हापासून जवळचा सर्व्हर मिळणे अवघड राहिलेले नाही. उलट, साइट मुंबईत असेल आणि निम्मे वाचक न्यू जर्सी किंवा लंडनचे मराठी लोक असतील, तर हाच हिशेब त्यांच्या वाट्याला येतो. म्हणून ‘साइट किती वेळ घेते’ या प्रश्नाला ‘कुठून पाहता’ हा प्रतिप्रश्न आधी केला पाहिजे.

दुसरा टप्पा रांगेचा, आणि सर्वांत जास्त चकवा इथेच बसतो. पीएचपीची कामे करायला सर्व्हरवर ठरावीक संख्येचे वर्कर असतात. समजा ते दहा आहेत आणि प्रत्येक पानाला ०.२ सेकंद लागतो. मग सेकंदाला ५० पाने सुटतात. आता प्रत्येक पानाच्या वाटेत कोणी बाहेरच्या सेवेला विचारणा करणारा कोड घातला आणि ती सेवा बंद पडली, तर उत्तराची वाट पाहण्याची वर्डप्रेसची मूळ मुदत ५ सेकंदांची आहे. तेच दहा वर्कर आता सेकंदाला जेमतेम दोन पाने सोडतात. बाकीच्या विनंत्या रांगेत उभ्या राहतात. गंमत अशी की या सगळ्या काळात प्रोसेसर जवळजवळ रिकामा असतो. वर्कर काम करत नसतात, वाट पाहत असतात. होस्टिंगवाल्यांना त्यांच्या पडद्यावर सगळे व्यवस्थित दिसते ते खरेच असते, आणि वाचकाला पान मिळत नाही हेही खरेच असते. प्रोसेसरने केलेल्या कामाचा वेळ आणि घड्याळात गेलेला वेळ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. वाचकाच्या वाट्याला घड्याळातला वेळ येतो, म्हणून मोजायचा तोच.

याच टप्प्यावर आणखी एक काळजी घ्यावी लागते. विनंती रांगेत असताना पीएचपी सुरूच झालेले नसते, त्यामुळे पीएचपीच्या आत बसवलेल्या कोणत्याही साधनाला ती रांग दिसत नाही. ते सांगते, पान ०.३ सेकंदात तयार झाले. वाचक सांगतो, ६ सेकंद लागले. कोणीच खोटे बोलत नाही. इंजिनएक्स या वेब सर्व्हरच्या लॉगमध्ये पीएचपीकडून उत्तर यायला लागलेला काळ नोंदवून घेता येतो. तो एकीकडे आणि पीएचपीने स्वतः मोजलेला काळ दुसरीकडे ठेवला की मधला फरक बहुतांशी रांगेचा असतो. दोन ठिकाणी मोजल्याशिवाय ही गोष्ट उघड होत नाही. या पुस्तकातली पहिली सवय म्हणून मी तीच लावून दिली आहे.

तिसरा टप्पा वर्डप्रेसच्या आतला. वर्डप्रेसला आज्ञा देण्याच्या डब्ल्यूपी-सीएलआय या साधनाची प्रोफाइल आज्ञा या टप्प्याचे तीन भाग करते. आधी उभारणी : वर्डप्रेस, सगळी प्लगइन आणि थीम स्मृतीत येतात. मग मुख्य क्वेरी : पत्त्यावरून कोणता मजकूर हवा ते ठरते आणि तो डेटाबेसमधून येतो. शेवटी साचा : थीम त्या मजकुराचे पान बनवते. ही तीन नावे लक्षात ठेवली तरी निम्मा गोंधळ मिटतो, कारण ‘साइट मंद आहे’ या वाक्याऐवजी ‘साच्यात दीड सेकंद जातो’ असे वाक्य हाती येते आणि त्यावर काम करता येते.

एक कल्पित उदाहरण आकड्यांसह मांडतो. एका दिवाळी अंकाच्या साइटचे पान यायला २.४ सेकंद लागतात असे धरू. मोजल्यावर कळते की प्रवासात ०.१, उभारणीत ०.७, मुख्य क्वेरीत ०.१ आणि साच्यात १.५ सेकंद जातात. उभारणीच्या ०.७ पैकी ०.४ सेकंद एक प्लगइन बाहेरच्या सेवेकडून काहीतरी मागवण्यात घालवते. साच्यातल्या १.५ पैकी १.१ सेकंद लेखाखालच्या ‘हेही वाचा’ या चौकटीत जातात. ती चौकट पाच लेख यादृच्छिक निवडते. त्यासाठी तिची क्वेरी मेटा टेबलातल्या अशा स्तंभावर अट लावते ज्याला इंडेक्स नाही, मग अटीत बसणाऱ्या प्रत्येक लेखाला एक यादृच्छिक आकडा देते, सगळ्यांची क्रमवारी लावते आणि वरचे पाच ठेवून बाकी टाकून देते. हे काम प्रत्येक वाचकासाठी, प्रत्येक पानावर नव्याने होते.

आता दोन मार्ग आहेत. दुप्पट वेगाचा सर्व्हर घेतला तर प्रवासाचा ०.१ आणि बाहेरच्या सेवेचा ०.४ सेकंद तसाच राहील, उरलेल्या १.९ चे ०.९५ होतील. एकूण १.४५ सेकंद, तेही दरमहा जास्त पैसे मोजून. दुसरा मार्ग असा : ‘हेही वाचा’ची यादी तासातून एकदा तयार करून ठेवावी आणि बाहेरची विचारणा वाचकाच्या वाटेतून काढून मागे वेगळी चालवावी. मग पान ०.९ सेकंदात येते. दोन छोटे बदल, आणि आहे तोच सर्व्हर. यात हुशारी कोडची नाही. कुठे हात घालायचा हे मोजणीने दाखवले, त्यात ती आहे.

वर्डप्रेसमध्ये वेळ गिळणाऱ्या अशा काही नेहमीच्या जागा आहेत आणि पुस्तकातली मधली प्रकरणे त्यांच्यावर आहेत. ऑप्शन्स टेबलात ‘ऑटोलोड’ असा शिक्का असलेली प्रत्येक नोंद प्रत्येक विनंतीत उचलली जाते. प्लगइन काढून टाकले तरी त्याच्या नोंदी बहुधा मागे राहतात आणि वर्षानुवर्षांत त्यांचा ढीग होतो. २०२४ च्या ६.६ आवृत्तीपासून हा ढीग ८०० केबीपलीकडे गेला की वर्डप्रेसचे साइट हेल्थचे पान इशारा देते. स्मृतीतल्या कॅशसाठी मेमकॅश्ड वापरणाऱ्यांना तर आणखी एक अडचण येते. वर्डप्रेस हा सगळा ढीग एकाच नोंदीत ठेवते आणि मेमकॅश्डमध्ये एका नोंदीची मूळ मर्यादा एक एमबी आहे. ती ओलांडली की नोंद साठवलीच जात नाही आणि ज्या डेटाबेसला विश्रांती द्यायची होती त्यालाच दर वेळी विचारले जाते. कॅश बसवल्यावर साइट आणखी मंद झाली, अशी तक्रार कानावर आली तर ही जागा जरूर तपासावी.

शोध ही दुसरी जागा. वर्डप्रेसचा मूळचा शोध शीर्षक, सारांश आणि मजकूर यांत शब्द कुठेही असला तरी जुळवतो. असा मधूनच शब्द शोधताना इंडेक्सचा उपयोग होत नाही. प्रत्येक लेख सुरुवातीपासून शेवटपर्यंत चाळावा लागतो. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेते, त्यामुळे तेवढ्याच लांबीच्या इंग्रजी लेखाच्या मानाने चाळायचा ऐवज मोठा होतो. पंधरा-वीस वर्षांचे अंक साठवून असलेल्या मासिकाला ही क्वेरी जड जाणारच. ती कशी ओळखायची आणि शोधाचे काम वेगळ्या यंत्रणेवर कधी सोपवायचे, याची चर्चा स्वतंत्र प्रकरणात आहे.

मराठी साइट चालवणाऱ्याने आवर्जून जाणून घ्यावी अशी एक हकिगत आहे आणि ती या पुस्तकामागची एक मोठी प्रेरणा आहे. वर्डप्रेसच्या कोडमध्ये मूळ शब्द इंग्रजीत असतात. साइट मराठीत असेल तर प्रत्येक विनंतीत गाभ्याची, थीमची आणि प्रत्येक प्लगइनची भाषांतराची फाईल उघडून वाचावी लागते. इंग्रजी साइटला हा भार पडतच नाही. वर्डप्रेसच्या परफॉर्मन्स गटाने २०२३ मध्ये हा फरक पद्धतशीर मोजला. इंग्रजीशिवाय इतर भाषांतल्या साइट या एका कारणाने लक्षणीय मंद होत होत्या, असे त्यातून दिसले. पास्कल बिर्चलर यांनी त्यावरचे काम पुढे नेले आणि एप्रिल २०२४ मध्ये आलेल्या ६.५ आवृत्तीत भाषांतरे वाचण्याची नवी व्यवस्था आली. आता भाषांतरे पीएचपीच्याच फायलींत ठेवता येतात आणि पीएचपीची ऑपकॅश त्या तयार स्थितीत स्मृतीत सांभाळते. मराठीत साइट चालवणारा प्रत्येक जण तोवर आपल्या भाषेपायी वेळाची किंमत मोजत होता आणि त्याचा पत्ताही त्याला नव्हता.

या हकिगतीतून मी एक निष्कर्ष काढतो आणि तोच या पुस्तकाचा कणा आहे. दुसऱ्याच्या साइटचे आकडे आपल्या कामाचे नसतात. ‘हे प्लगइन हलके आहे’, ‘ती थीम वेगवान आहे’ अशी प्रमाणपत्रे बहुधा कोऱ्या, इंग्रजी, चार लेखांच्या साइटवर मोजून दिलेली असतात. आपल्या साइटवर आपली भाषा आहे, आपले हजारो लेख आहेत, आपली जुनी प्लगइन आहेत आणि आपला वाचक आहे. मोजायचे ते तिथेच, आणि त्याच वाटेवर जिथून आपली माणसे जातात.

‘त्याच वाटेवर’ हे शब्द मी मुद्दाम वापरले. पूर्ण पानाची कॅश हे उत्तम साधन आहे. तयार पान ठेवून दिले की पीएचपी आणि डेटाबेस दोघांनाही उठावे लागत नाही. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी किंवा दिवाळी अंक खुला होतो त्या संध्याकाळी कॅश नसेल तर कुठलीही साइट कोलमडेल. पण मोजणीआधी कॅश बसवली की आजार झाकला जातो. कॅशमधले पान येणाऱ्या-जाणाऱ्या वाचकाला मिळते. लॉग-इन केलेल्या संपादकाला ते सहसा मिळत नाही. लेख जतन करणाऱ्या लेखकाला, शोध घेणाऱ्या अभ्यासकाला, वर्गणी भरणाऱ्या वाचकाला आणि नवा लेख चढवल्यानंतर येणाऱ्या पहिल्या माणसाला मूळ, संथ वाटेनेच जावे लागते. लेख संपादित करताना संपादकाचा ब्राउझर ठरावीक सेकंदांनी सर्व्हरला हाक मारत राहतो आणि त्या प्रत्येक हाकेला वर्डप्रेसची अख्खी उभारणी होते. उभारणीलाच दीड सेकंद लागत असेल आणि अंकाच्या आदल्या रात्री पाच जण संपादनाची पाने उघडून बसले असतील, तर ते एकमेकांचे वर्कर अडवत राहतात. ‘सेव्ह दाबलं, नुसतं फिरतंय’ हा फोन तेव्हाच येतो. बाहेरच्या वाचकाला साइट झटपट वाटते आणि ती चालवणारी माणसे दिवसभर ताटकळत बसतात. त्यांचा वेळ कोणत्याच अहवालात येत नाही. म्हणून या पुस्तकात मी आधी कॅशविना मोजायला सांगतो, मूळ वाट नीट करायला सांगतो आणि कॅशचे प्रकरण शेवटाकडे ठेवतो. आहे त्याहून वेगवान करायला कॅश वापरावी. बिघाड लपवायला वापरू नये.

आकडे वाचण्याबद्दलही दोन शब्द. सरासरीवर विसंबू नका. शंभर विनंत्यांपैकी ९५ विनंत्यांना ०.२ सेकंद आणि पाच विनंत्यांना ६ सेकंद लागले, तर सरासरी ०.४९ सेकंद येते. अहवालात तो आकडा चांगला दिसतो, पण अर्ध्या सेकंदाचा अनुभव त्या शंभरातल्या एकालाही आलेला नाही. ९५ जण खूश आहेत आणि पाच जण निघून गेले आहेत. त्यासाठी सगळे काळ चढत्या क्रमाने मांडून मधला, पंचाण्णवावा आणि नव्व्याण्णवावा आकडा पाहायची सवय लावावी. मोठ्या यंत्रणांत या क्रमाचे शेवटचे टोक, म्हणजे हे शेपूटच सगळ्यांत महत्त्वाचे असते, हे जेफ डीन आणि लुइझ बारोसो यांनी २०१३ साली त्यांच्या एका गाजलेल्या लेखात दाखवले. छोट्या साइटवर तर त्या शेपटात बहुधा आपलीच संपादक मंडळी असतात.

साधनांचीही स्वतःची किंमत असते. एक्सडिबग प्रत्येक फंक्शनची नोंद ठेवते, त्यामुळे पान स्वतःच मंद होते आणि हजारो वेळा बोलावलेली चिमुकली फंक्शने आहेत त्याहून जड दिसतात. त्याचा उपयोग प्रमाण समजून घ्यायला करावा, मिलिसेकंद मोजायला नाही. आणि चालत्या साइटवर ते लावू नये. ठरावीक अंतराने नमुने घेणारी साधने तिथे बरी. जॉन ब्लॅकबर्न यांचे क्वेरी मॉनिटर हे प्लगइन कोणती क्वेरी कोणत्या प्लगइनने केली हे पानावरच दाखवते. मात्र आपण लॉग-इन असताना ते पाहतो, म्हणजे वाचकाचे पान पाहत नाही, हे विसरू नये. डब्ल्यूपी-सीएलआयवर ऑपकॅश मुळात बंद असते, म्हणून तिथला उभारणीचा आकडा प्रत्यक्षापेक्षा मोठा येतो. मायएसक्यूएलच्या मंद क्वेरींच्या नोंदवहीची मूळ मर्यादा तर १० सेकंदांची आहे. ती खाली आणली नाही तर आपल्या कामाची एकही क्वेरी तिथे सापडणार नाही, आणि ‘लॉग रिकामा आहे, म्हणजे डेटाबेस ठीक आहे’ असा चुकीचा दिलासा मिळेल. प्रत्येक साधनाच्या प्रकरणाच्या सुरुवातीला ते काय दाखवते यासोबत काय दाखवत नाही, हेही लिहिले आहे.

पुस्तकाची मांडणी वरच्या प्रवासाच्या क्रमानेच आहे. आधी बाहेरून मोजणी, म्हणजे कर्ल ही आज्ञा आणि ब्राउझर यांच्या मदतीने. मग वेब सर्व्हरच्या नोंदी आणि रांग. मग वर्डप्रेसचे तीन भाग, डेटाबेस, भाषांतरे, बाहेरच्या विचारणा आणि शेवटी कॅश. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी एक सराव आहे. तो स्वतःच्या साइटच्या प्रतीवर करावा. एका वेळी एकच बदल करावा, बदलाआधी आणि बदलानंतर मोजावे आणि दोन्ही आकडे तारखेसह लिहून ठेवावेत. बदलाने फरक पडला नाही तर तो मागे घ्यावा, मग तो कितीही शहाणपणाचा वाटत असला तरी. प्रोग्रॅमिंग येत नसलेल्या संपादकांनी पहिली तीन प्रकरणे वाचली तरी पुरेसे आहे. तेवढ्यावर होस्टिंगवाल्यांशी किंवा साइट बांधून देणाऱ्यांशी आकड्यांत बोलता येईल आणि वरच्या प्लॅनचे पैसे भरण्याआधी योग्य तो प्रश्न विचारता येईल.

या पुस्तकात ज्या साधनांचा उल्लेख आहे, त्यांतली बहुतेक मुक्त आणि विनामूल्य आहेत. ती लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षे आपला वेळ दिला, म्हणून पाचशे प्रती खपणाऱ्या मासिकालाही मोठ्या कंपन्यांच्या तोडीची मोजणी करता येते. त्यांचे ऋण मोठे आहे आणि ते फेडायचे तर त्यांच्या साधनांत सापडलेल्या उणिवा कळवाव्यात, त्यांची भाषांतरे सुधारावीत आणि आपल्या भाषेतल्या साइटवर आलेले आकडे त्यांच्यापर्यंत पोचवावेत. भाषांतराच्या फायलींचा भार कमी झाला तो इंग्रजीपलीकडच्या साइटवर कोणीतरी मोजले म्हणून. देवनागरीतला शोध, मोठे जुने संग्रह, अंक निघतो त्या दिवसाची गर्दी या आपल्या अडचणी आहेत. त्यांचे आकडे आपल्यालाच घ्यावे लागतील, आणि पहिला आकडा घ्यायला या पुस्तकाचे पहिले प्रकरणही पुरे आहे.